मान-पाठीचं जुनं दुखणं: खांदा नेमका कधी वर जातो ते आधी पकडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडते. वय ३४, रोज नऊ-दहा तास लॅपटॉप, तीन वर्षं मान आणि उजव्या फऱ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, संध्याकाळपर्यंत कंबरही धरते. कंबरेच्या एमआरआयमध्ये ‘माइल्ड डिस्क बल्ज’ आलं, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली. फिजिओ दोनदा घेतली, दोन्ही वेळा बरं वाटलं आणि दीड-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. खुर्ची बदलली, स्क्रीन वर घेतली, ताठ बसायचं रिमाइंडर लावलं, मग व्हिडिओ बघून रोज सकाळी ४० मिनिटं स्ट्रेचिंग सुरू केलं आणि दहाव्या दिवशी त्यानेच मान आखडली म्हणून सोडलं. आता कोणीतरी माइंडफुल मूव्हमेंट, म्हणजे लक्ष देऊन हळू हालचाली, करून बघ म्हणालंय, तर ते खरंच चालतं की फॅड आहे, आणि जिम बंद करावी का, असं विचारलंय.

फॅड नाहीये, पण ज्या पॅकिंगमध्ये ते विकलं जातं त्यातलं अर्धं फॅड आहे. मी १९ वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि बहुतेक पेशंट तुमच्यासारखेच, खुर्चीत बसून काम करणारे. पहिली सहा-सात वर्षं मी पण सगळ्यांना ‘ताठ बसा’ सांगायचे आणि अकरा व्यायामांचा छापील कागद हातात द्यायचे. कागद लोकांनी फ्रिजवर चिकटवला, दुखणं होतं तिथेच राहिलं. त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंच मी स्वतःच्या चुका सुधारताना शिकलेय.

आधी एक गरजेची गोष्ट. मी तुम्हाला तपासलेलं नाही, सगळं ‘बाकी गंभीर काही नाही’ हे धरून लिहितेय. हाताची किंवा पायाची ताकद कमी होत चाललीय, वस्तू हातातून निसटतायत, चालताना तोल जातोय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय किंवा मांड्यांमधली जागा बधिर वाटतेय, यातलं काहीही असेल तर वाचणं थांबवा आणि आजच डॉक्टर गाठा. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, आधी होऊन गेलेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कुठल्याही कुशीवर कमी न होणारा रात्रीचा ठणका, हेही दाखवून घ्या. अजून एक असतं जे नेहमी सुटतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली असते, हललं की मोकळी होते आणि आराम केला की उलट वाढते, असं असेल तर ते डेस्कचं दुखणं नसेलही. मणक्याच्या एका प्रकारच्या संधिवातात असं होतं, आणि तो बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आतच सुरू होतो, त्यामुळे ‘मी तर तरुण आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आता तो एमआरआय. तुमच्या प्रश्नात ‘बल्ज’ हा शब्द चार वेळा आलाय, म्हणजे तो रिपोर्ट डोक्यात घर करून बसलाय. २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला, त्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३११० लोकांच्या स्कॅनचे निकाल एकत्र केले होते. तिशीतल्या साधारण ४० टक्के लोकांत डिस्क बल्ज होतंच, ऐंशीच्या आसपास तर ८४ टक्क्यांत. दुखत नसलेले लोक हे, लक्षात घ्या. म्हणजे बल्ज कधीच त्रास देत नाही असं नाही, पायात वीज गेल्यासारखी कळ जात असती तर मी वेगळं बोलले असते, पण तुमची कंबर रविवारी ठीक असते आणि सोमवारी चार वाजता धरते असं तुम्हीच लिहिलंय, आणि बल्ज काही रविवारची सुट्टी घेत नाही.

मला जास्त उपयोगी पडतो तो पेशंटचा शब्द. आपल्याकडे दुखण्याला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘रग लागलीय’ म्हणजे बहुतेक वेळा स्नायू बराच वेळ न सोडता धरून ठेवलाय. ‘अवघडलंय’ म्हणजे एकाच स्थितीत राहून सांधे-स्नायू कुरकुरतायत, थोडं हललं की सुटतात. ‘उसण भरली’ म्हणजे अचानक पकडलं. ‘मुंग्या येतात’, ‘आग होते’, ‘चमक जाते’ म्हटलं की मी नसांकडे बघते, आणि मुंग्या रात्री अंगठा-तर्जनी-मधल्या बोटात असतील तर मनगटाकडे. तुम्ही फऱ्याबद्दल ‘रग लागून भरून येतं’ लिहिलंय आणि कंबरेबद्दल ‘अवघडते’. लोक असं लिहून जातात आणि त्यांना कळतही नाही की अर्धं निदान त्यांनीच केलंय.

या रगेमागचं कारण साधारण असं. खांदा आणि मानेमधला वरचा स्नायू, ट्रॅपिझियस, टाईप करताना अगदी थोडा काम करतो, त्याच्या पूर्ण ताकदीच्या दोन-चार टक्के म्हणा. वाटतं की एवढ्याशा कामाने काय होणार. पण शरीर अशा हलक्या कामासाठी दर वेळी त्याच छोट्या तंतूंना आधी बोलावतं आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत सोडत नाही. सगळ्यात आधी उठायचं आणि सगळ्यात शेवटी झोपायचं, म्हणून याला सिंड्रेला हायपोथिसिस नाव पडलं, १९९१ मध्ये हेग नावाच्या स्वीडिश संशोधकाने मांडलेला विचार. हायपोथिसिसच आहे, शंभर टक्के सिद्ध वगैरे नाही, पण क्लिनिकमध्ये जे दिसतं त्याच्याशी चांगला जुळतो: जड ओझं उचलणाऱ्याचा स्नायू दमतो आणि सुटतो, तुमचा दमतही नाही आणि सुटतही नाही. यात ‘ताठ बसा’ची भर घातली की काय होतं? खांदे मागे ओढून धरायचं आणखी एक काम त्याच भागाला लागलं. तुमचं रिमाइंडर दर अर्ध्या तासाने नेमकं हेच करतंय, ते आजच काढून टाका.

दुसरी गोष्ट जुन्या दुखण्याची. तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि एवढ्या काळात दुखापतीचा आणि दुखण्याचा संबंध सैल होत जातो. गाडीचा अलार्म जास्त सेन्सिटिव्ह झाला की मांजर बॉनेटवर बसली तरी वाजतो, तसं. दुखणं खरंच असतं, ‘मनाचे खेळ’ नसतात, पण दर वेळी त्याचा अर्थ ‘आत काही फाटतंय’ असा नसतो. झोप नीट झाली नाही, डेडलाईन आली, वरिष्ठांशी वाजलं की त्या आठवड्यात मान जास्त धरते हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल.

म्हणजे तुमचा खरा प्रॉब्लेम माझ्या मते असा आहे की तुम्हाला फार उशिरा कळतं. सकाळी साडेदहाला खांदा वर गेला, साडेचारला रग लागली, आणि तुम्ही साडेचारच्या रगेवर उपाय शोधताय. सकाळची ४० मिनिटं कितीही मन लावून केली तरी त्या साडेदहाला ती हजर नसतात.

एक उदाहरण देते. अकाउंट्सचं काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या, त्यांना मी क्लिनिकमध्येच लॅपटॉप उघडून नेहमीसारखं काम करायला सांगितलं आणि मागे उभी राहून दोन बोटं नुसती खांद्याच्या वरच्या कडेवर टेकवली, दाबली नाहीत. टाईप करताना काही नाही, मऊच. तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. हात अजून की-बोर्डवरच होते, आणि माझ्या बोटांखाली खांदा वर आला, श्वासही थांबला. फोन त्यांनी कट केला, खांदा मात्र खाली आला नाही, पुढची तीन-चार मिनिटं तसाच. मी विचारलं खांदा कुठे आहे, म्हणाल्या जागेवर. हात लावून बघा म्हटलं तर स्वतःच दचकल्या. चार वर्षं खुर्ची, उशी, मसाज सगळं करून झालं होतं. त्या दिवसापासून आम्ही दुसरा व्यायाम केला नाही, फक्त ‘फोन वाजला की खांदा कुठे’ एवढंच बघायचं ठरवलं. सगळ्यांचं इतक्या सरळ होत नाही, आणि त्यांचंही दुखणं पूर्ण जायला पाच महिने लागले. पण दिशा तिथे सापडली.

माइंडफुल मूव्हमेंट म्हणजे मला एवढंच म्हणायचंय. डोळे मिटून मंद संगीतात हात हलवणं त्यात येऊ शकतं, पण त्याची गरज नाही. हालचाल इतकी हळू आणि छोटी करायची की आपण कुठे उगाच जोर लावतोय ते जाणवेल. हळू का, याचं एक साधं कारण आहे. हातात भरलेली बादली असताना तिच्यावर माशी बसली तर कळत नाही, तळहातावर पीस असताना बसली तर लगेच कळते. जोर जितका जास्त, तितके बारीक फरक जाणवेनासे होतात. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) हा मूळचा इंजिनियर आणि ज्युदो खेळणारा माणूस, स्वतःच्या बिघडलेल्या गुडघ्यापायी या कामात पडला, त्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. तुमचं स्ट्रेचिंग का फसलं तेही यातच आहे: तुम्ही दुखण्यापर्यंत ताणत होतात, आणि दुखायला लागलं की शरीर सैल सोडत नाही, धरतं.

पुरावा विचारला होता म्हणून तोही सांगते, फुगवून नाही. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा काही आठवड्यांचा कोर्स सुरू केला, त्यात सुरुवातीपासून जुनं दुखणं असलेले पेशंट होते आणि हलका योगही होता. २०१६ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३४२ लोकांवर याची चाचणी झाली. २६ आठवड्यांनी रोजच्या कामात ठळक सुधारणा माइंडफुलनेसवाल्यांत साधारण ६१ टक्के लोकांत, मानसोपचाराच्या सीबीटी पद्धतीने ५८ टक्के, आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत ४४ टक्के. फरक आहे, पण जादू नाही, आणि सीबीटीही जवळजवळ तेवढंच काम करते. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुन्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग, ताई-ची, माइंडफुलनेस असे उपाय करून बघायला सांगितलं. हे सगळं कंबरेचं झालं. मानेसाठी मला २०११ चा डॅनिश प्रयोग आवडतो: मान-खांदे दुखणाऱ्या १९८ लोकांपैकी काहींना रबर बँडचा एकच व्यायाम रोज फक्त दोन मिनिटं, काहींना बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि दोन मिनिटंवाले फार मागे नव्हते. तुमच्या त्या ४० मिनिटांना हे उत्तर पुरे व्हावं.

आता करायचं काय. मी तीनच गोष्टी सांगते, आणि तिन्ही एकदम सुरू करू नका.

पहिली, माउस. उजवा हात माउसवर ठेवा, काही क्लिक करू नका. डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्यावर, मानेच्या बाजूला, नुसती टेकवा. आता क्लिक करणार आहात असं फक्त मनात आणा. काही हललं? मग एक क्लिक करा. मग क्लिक न करता एखाद्या नकोशा मेलचं शीर्षक वाचा. बहुतेकांना तिसऱ्यात सापडतं. सापडलं की खांदा खाली दाबू नका, ही चूक सगळे करतात, वरचा स्नायू वर ओढतोय आणि तुम्ही खालून खाली ओढताय, दोघांची रस्सीखेच. उलट खांदा आणखी किंचितसा वर घ्या, एक सेंटिमीटर, आणि उतरवायला तीन श्वास लावा. दोन-तीनदा बास. हे दिवसातून किती वेळा? टायमर लावू नका, तो दोन दिवसांत कानाआड होतो. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. मी ‘सेंड’ दाबल्यावर असं सांगते, कारण सेंड दाबेपर्यंत श्वास धरून बसलेले लोक मी फार पाहिलेत.

दुसरी, जमिनीवर, संध्याकाळी, पाच ते आठ मिनिटं. उताणे झोपा, गुडघे मुडपून तळपाय जमिनीला, डोक्याखाली पातळ घडी. कंबरेखाली एक घड्याळ काढलंय असं धरा, १२ बेंबीकडे आणि ६ माकडहाडाकडे. पेल्व्हिसचं, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कटोऱ्याचं, वजन हळूच १२ कडे घरंगळू द्या, कंबर जमिनीला टेकेल, मग ६ कडे, थोडी कमान होईल. जेवढं जमतं त्याच्या निम्मंच करा. पोट आवळून ढकलताय का? जबडा? दात आवळले जातात, कंबरेशी त्यांचा काही संबंध नसताना! चार-पाच वेळा झालं की थांबा, पाय पसरून नुसते पडा, पाठ जमिनीला कुठे टेकते ते बघा, मग ३ ते ९ असं आडवं करा. ३ कडे मजेत जातं आणि ९ कडे अडखळतं असं होईल, तेव्हा अडखळणाऱ्या बाजूला जोर लावू नका, सोपी बाजू अजून सावकाश करा. दुसरी बहुतेक वेळा मागून येते, का ते मला अजून पूर्ण समजलेलं नाही.

तिसरी तीच, पण खुर्चीत. खाली बसण्याची दोन हाडं जाणवतात, त्यांच्यावर किंचित पुढे-मागे झुला, मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असला तरी कोणाला कळत नाही. पेल्व्हिस पुढे आलं की मान आपोआप थोडी लांब होते, ती वेगळी ओढायला लागत नाही. त्यातून जी बैठक येईल तीही पाच-दहा मिनिटांनी मोडायचीच आहे. पोक काढून बसायला पण परवानगी आहे, फक्त दिवसभर एकच पोक नको.

पहिले दोन आठवडे फक्त माउस, मग जमीन, मग खुर्ची. एखादी गोष्ट करून दुखणं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं नाही, तर ती निम्मी करा, बंद करू नका. आणि बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट करू नका, तुमचा सगळा इतिहास याचाच आहे, चांगला दिवस आला की कसर भरून काढायची आणि मग चार दिवस आडवं. दुखणं कमी होणं ही पहिली खूण नाही. पहिली खूण म्हणजे साडेचारच्या ऐवजी दीडला कळायला लागतं, मग साडेअकराला. काहींना मधे आठवडाभर उलट जास्त दुखल्यासारखं वाटतं, कारण आता लक्ष जातंय. माझ्याकडे साधारण सहा ते बारा आठवड्यांत लोकांना फरक कळतो, पण काहींना कळतच नाही, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा झोप किंवा डोक्यावरचा ताण असतं, तिथे मी एकटी पुरत नाही, सायकॉलॉजिस्टकडे पाठवते.

परिस्थितीवर अवलंबून बरंच आहे. नुसत्या लॅपटॉपवर काम असेल तर वेगळा की-बोर्ड-माउस घ्याच, कारण स्क्रीन वर घेतली की हात वर जातात आणि हात खाली ठेवले की मान खाली, यातून लक्ष देऊन सुटका नाही. तुम्ही स्क्रीन वर घेतली म्हणालात, पण टाईप कशावर करताय ते लिहिलं नाहीत. त्याच लॅपटॉपवर करत असाल तर तुमचा उजवा फरा का ओरडतोय याचं निम्मं उत्तर तिथेच असेल. माउस लांब ठेवलाय का तेही बघा, कोपर अंगाजवळ राहिलं पाहिजे. आणि तुमच्या कामात तासन् तास उठताच येत नसेल तर मी सांगितलेलं कमी चालेल, हे प्रामाणिकपणे सांगते.

जिम बंद करू नका. माझ्या मते तुम्हाला ताकद हवीच आहे, हळू हालचालींनी धरणं सुटतं पण ताकद येत नाही, आणि तो रबर बँडचा प्रयोग ताकदीचाच होता. फक्त तीन-चार आठवडे डोक्यावर वजन उचलणं थांबवा, बाकी वजनं एक पायरी उतरवा, आणि प्रत्येक सेटच्या शेवटच्या दोन रेप्सना बघा, खांदे कानाला भिडतायत का आणि श्वास अडकतोय का. अडकत असेल तर तो सेट तिथेच संपला. रोइंगसारखे ओढायचे व्यायाम ठेवा. ट्रेनर ‘खांदे खाली, छाती पुढे’ म्हणून ओरडेल, त्याला माझं नाव सांगू नका.

की-बोर्डचं काय ते कळवा, आणि माउसच्या प्रयोगात खांदा क्लिकला हलला की मेलला, तेही. त्यावर पुढचं सांगता येईल.